छायेचे देणे

(पारशिवनी येथील स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित पाठ)



ज्या मास्तरांच्या स्मरणार्थ ही माला दरवर्षी गुंफली जाते, त्यांचे नाव आताच येथे आदराने उच्चारले गेले आहे. त्यांच्या गौरवाचे आणखी चार शब्द मी बोलावेत यापेक्षा त्यांनी मला जे एक सूत्र दिले त्याचेच विवरण आपल्यासमोर करावे, हे त्यांना अधिक रुचले असते असा माझा भरवसा आहे. मास्तर शाळेत विज्ञान शिकवीत आणि शाळा सुटल्यावर कृष्णधवल छायाचित्रे काढीत. आणि या दोन उद्योगांत त्यांच्या लेखी काही अंतर होते असे मला कधी आढळले नाही. ते म्हणत, ‘‘सावलीचं देणं आधी चुकतं कर, उजेडाशी मागाहून तडजोड करता येते.’’ हे वाक्य मी प्रथम ऐकले तेव्हा ती मला केवळ कारागिरीतली एक युक्ती वाटली होती. पुढे आयुष्यभर कॅमेरा वागवल्यावर तिच्यातला दुसरा अर्थ हळूहळू उलगडत गेला, आणि आजचे माझे सारे बोलणे त्या दोन अर्थांमधल्या वाटेवरचे आहे.

१

प्रथम या कलेच्या नावाकडेच पाहू. युरोपातल्या भाषांनी ग्रीक शब्दांवरून तिचे जे नाव घडवले, त्याचा अर्थ प्रकाशाने रेखाटलेले चित्र असा होतो; आपण मात्र तिला छायाचित्र म्हटले आणि प्रकाशाच्या जागी छायेला बसवले. संस्कृतात छाया या शब्दाला सावलीबरोबरच कांती असाही अर्थ आहे, आणि म्हणून ज्याने हा शब्द रूढ केला त्याने, जाणून असो वा नकळत, या कलेचे मर्म तिच्या नावातच नोंदवून ठेवले असे मी मानतो. छाया म्हणजे उजेडाचा निव्वळ अभाव नव्हे. ज्याच्यात काहीतरी दिसत राहते असा तो मंद उजेडच होय. कालिदासाने मेघदूताच्या पहिल्याच श्लोकात रामगिरीचे आश्रम सांगताना तेथील वृक्षांच्या दाट सावलीचा उल्लेख केला आहे. आणि महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी ज्या रामटेकाशी या रामगिरीचे ऐक्य प्रतिपादन केले, ते रामटेक आपल्या शेजारच्याच तहसिलीत आहे. विरही यक्षाला आसरा द्यायचा तर तो सावलीतच द्यावा, हे ज्या भूमीवरच्या उन्हाने कवीला सुचवले असेल, त्या भूमीवर छायेविषयी बोलायला मी उभा आहे, ही गोष्ट मला लहान वाटत नाही.

या भूमीचाही विचार करा. काळी, ओली असताना पायाला धरून ठेवणारी जमीन. तिच्यावर फुटलेला कापूस. गोंडेगावच्या खाणीतला कोळसा. पेंचच्या पात्रातली फिकट वाळू. आणि भर दुपारी नवेगाव खैरीच्या जलाशयावरून डोळ्यांत शिरणारी चकाकी. शुद्ध काळ्यापासून शुद्ध पांढऱ्यापर्यंत जितक्या म्हणून छटा कृष्णधवल चित्राला लागतात, तितक्या सगळ्या या एका तहसिलीच्या हद्दीत निसर्गाने मांडून ठेवल्या आहेत. अडचण एवढीच, की डोळा त्या सर्व एकाच वेळी पाहू शकतो आणि कागदाला ते साधत नाही. डोळा सावलीकडे वळला की बाहुली मोठी करतो, उन्हाकडे वळला की लहान करतो, आणि या फिरत्या पाहणीचा हिशेब मेंदू जुळवून देतो. छापील कागदावर मात्र अतिकाळ्यापासून अतिपांढऱ्यापर्यंतचे अंतर फार थोडे असते, आणि बाहेरच्या विशाल श्रीमंतीतून त्या छोट्या घरात काय न्यायचे आणि काय बाहेर ठेवायचे, हे शटर दाबण्यापूर्वी ठरवावे लागते. एक्स्पोजरची योजना म्हणतात ती हीच.

२

माझ्या पहिल्या अपराधाची हकीकत सांगतो. कॉलेजच्या पहिल्या वर्षी सुटीत घरी आलो असता मास्तरांनी आपला कॅमेरा आणि हातातला लाइट मीटर माझ्या स्वाधीन केला, आणि मी कपाशीच्या वेचणीवर गेलो. मार्गशीर्षातले स्वच्छ ऊन, ओळीने पुढे सरकणाऱ्या बाया, डोईवरून पुढे ओढलेले पदर, कमरेला बांधलेल्या ओट्या आणि त्यांतून उतू चाललेला पांढरा कापूस. मी मीटर समोर धरला, काटा जो आकडा दाखवील तो कॅमेऱ्यावर चढवला आणि एकामागून एक बारा चित्रे घेतली. फिल्म धुऊन निघाली, प्रिंट झाले, आणि मला ते अप्रतिम वाटले, कारण कापसाचा तंतू न् तंतू त्यांत उमटला होता. आठवड्याने ते घेऊन मी त्याच शेतावर गेलो. त्यांतल्या एका वडीलधाऱ्या बाईने चित्र हातात घेतले, उन्हाकडे धरले, जवळ नेले, दूर नेले, आणि मला विचारले, ‘‘याच्यात मी कोठी हाय, बाबू?’’

पदराखाली काळा डाग होता. नाक नाही, डोळे नाहीत, कपाळावरचे गोंदण नाही. कापूस होता, तो वेचणारी नव्हती. त्या प्रश्नात तक्रारीचा सूर नव्हता. ती खरोखरच स्वतःला शोधीत होती. पुढच्या हंगामात मी योग्य तयारी करून पुन्हा गेलो, तेव्हा ती बाई त्या शेतावर नव्हती. कामासाठी दुसरीकडे गेली एवढेच कळले. ते देणे माझ्याकडून फिटले नाही, आणि या विद्येतले जे काही मी नंतर शिकलो ते त्या थकबाकीपोटी शिकलो असे म्हटले तर त्यात अतिशयोक्ती होणार नाही.

मी मास्तरांना म्हणालो, मीटर चुकला. ते म्हणाले, मीटर कधी चुकत नाही. त्याला जे विचारले तेवढेच तो सांगतो. मग त्यांनी मला जो दाखला दिला तो आपल्या गावातल्या प्रत्येकाला समजेल. पटवारी पिकाची आणेवारी काढतो, ती सगळ्या गावाची सरासरी असते. दहा शेते सोळा आणे पिकली आणि दोन शेते समूळ बुडाली तरी गावाची आणेवारी चांगलीच निघते. दप्तरी गाव सुखी ठरते. आणि ज्याचे शेत बुडाले त्याचा त्या आकड्यात मागमूस राहत नाही. लाइट मीटरही असाच सरासरीचा कारकून आहे. समोरच्या दृश्यातला सर्व उजेड तो एकत्र करतो आणि हे सारे मिळून मध्यम करड्या रंगाचे आहे असे गृहीत धरून हुकूम सोडतो. पडलेल्या उजेडापैकी सुमारे १८ टक्के परत करणारा तो करडा होय. मीटरला काळी म्हैस दाखवा, तो तिला करडी करा म्हणेल. पांढरा बैल दाखवा, त्यालाही करडाच करा म्हणेल. कपाशीच्या शेतात कापूस पुष्कळ होता आणि चेहरा थोडा; सरासरी कापसाच्या बाजूने लागली. चूक यंत्राची नव्हती. निर्णय करण्याचा जो अखत्यार माझा होता, तो मी यंत्राला बहाल केला होता.

३

आता सावलीचेच देणे आधी का, याचे शास्त्रीय कारण पाहू. फिल्मवर चांदीच्या क्षारांचे सूक्ष्म कण असतात. ज्या कणावर पुरेसा उजेड पडतो, त्यात एक अदृश्य संस्कार उमटतो आणि डेव्हलपर त्या संस्काराच्या आधाराने त्या कणाची काळी चांदी करतो. दृश्यातली सावली म्हणजे निगेटिव्हवरची पातळ, जवळजवळ पारदर्शक जागा. तेथे मुळातच उजेड थोडा पोचलेला असतो, आणि तो एका किमान मर्यादेपेक्षा कमी असला तर संस्कारच होत नाही. मग डेव्हलपरमध्ये फिल्म पाच मिनिटे ठेवा की पंधरा, ज्या भांड्यात दूधच नाही त्याला विरजण लावून दही होत नाही. उजळ भागाचे तसे नाही. तेथे संस्कार विपुल असतो, आणि धुण्याच्या वेळेबरोबर त्याची घनता वाढत जाते. वेळ कमी केला तर ती आवरते. म्हणून सावलीचा निकाल शटरच्या क्षणी लागतो आणि उजेडाचा निकाल अंधाऱ्या खोलीत लावता येतो. उजेड देताना सावलीकडे पाहावे आणि फिल्म धुताना उजळ भागाकडे, हा या कलेतला जुना दंडक या एका विषमतेवर उभा आहे.

या विषमतेची मोजणी प्रथम ज्यांनी पद्धतशीरपणे केली ते दोघेही व्यवसायाने छायाचित्रकार नव्हते. फर्डिनंड हर्टर हा स्विस रसायनज्ञ आणि व्हेरो ड्रिफील्ड हा इंग्लिश इंजिनिअर इंग्लंडातील विड्नेस येथल्या अल्कली कारखान्यांत नोकरीला होते, आणि फावल्या वेळात काचेच्या प्लेटांवर प्रयोग करून त्यांनी १८९० साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. दिलेला उजेड आणि मिळालेली घनता यांचा जो वक्र त्यांनी काढला, त्याच्या पायथ्याला एक संथ चढण आहे, मध्ये सरळ चढ आहे आणि वर पुन्हा सपाटी आहे. पायथ्याच्या त्या संथ भागात सावल्या राहतात, आणि तेथे थोडीशी कंजुषी केली की दोन वेगळ्या सावल्यांतला भेद पुसला जातो.

या वक्रावरून व्यवहारात उतरण्याची शिडी अमेरिकेतील अँसेल अ‍ॅडम्स आणि फ्रेड आर्चर या शिक्षकांनी १९३९–४० च्या सुमारास लॉस एंजेलिसमधल्या एका कलाविद्यालयात बांधली. तिला झोन सिस्टिम म्हणतात. मास्तर तिला ‘पायऱ्या’ म्हणत, आणि मीही तसेच म्हणेन. शून्यापासून दहापर्यंत अकरा पायऱ्या. प्रत्येक पायरी चढली की उजेड दुप्पट, उतरली की निम्मा. मीटर ज्याच्याकडे पाहील त्याला तो पाचवीवर बसवतो. आपल्याला ती वस्तू तिसरीवर हवी असेल तर मीटरने सांगितल्यापेक्षा दोन स्टॉप, म्हणजे दोन पायऱ्यांचा, उजेड कमी द्यायचा. सातवीवर हवी असेल तर दोन स्टॉप जास्त. सगळे गणित एवढेच आहे, आणि पाढे पाठ असलेल्या मुलाला ते एका दुपारी येते. अवघड आहे ते ‘हवी असेल’ या दोन शब्दांचे उत्तर.

आम्हा मुलांना मास्तरांनी या पायऱ्या पुस्तकातल्या करड्या पट्ट्यांवरून शिकवल्या नाहीत. त्यांनी गाव फिरवले. रिकाम्या कणगीचे तोंड, ज्यात काहीच दिसत नाही, ते शून्य. कोळशाचा ढीग पहिली. पाणी दिलेली काळी माती दुसरी. घोंगडीची घडी, जिच्यातली वीण डोळ्याला जाणवते, ती तिसरी. आणि सावलीतला तपशील ठेवायचा असेल तर तो येथपर्यंत आणलाच पाहिजे असे ते बजावून सांगत. आंब्याचा जुना पाला चौथी. शेणाने सारवलेले, वाळलेले अंगण आणि उन्हात रापलेला चेहरा पाचवी. तागाचे पोते सहावी. ज्वारीचे दाणे सातवी. फुटलेला कापूस, ज्याचा तंतू अजून कळतो, आठवी. भट्टीचे धोतर भर उन्हात वाळत घातलेले नववी, जिथे वीण हरवते आणि पांढरेपणा उरतो. आणि पितळी लोट्याच्या काठावर सूर्य चमकतो ती दहावी. ऊन बदलले की वस्तूची पायरी बदलते हे ते जाणून होते. ही यादी पाठ करण्यासाठी नव्हतीच, ती डोळा तयार करण्यासाठी होती. महिनाभर आम्ही कॅमेरा न घेता हिंडलो आणि जे दिसेल त्याला पायरी देत राहिलो. रंग विसरून छटा पाहण्याची सवय मला त्या महिन्यात लागली, आणि ती आजतागायत सुटलेली नाही.

४

आता आपण त्या कपाशीच्या शेतावर पुन्हा जाऊ, आणि जे मी तेव्हा केले नाही ते आज करू. फिल्म १२५ एएसएची, त्या काळी मिळणारी पूर्व जर्मनीची ओर्वो एनपी २२ धरा. मीटर घेऊन बाईंच्या जवळ जायचे आणि पदराखालचा चेहरा तेवढा मोजायचा: १/१२५ सेकंदाला भिंगाचे तोंड एफ/८. मग ऊन खाणारा कापूस मोजायचा: त्याच गतीला एफ/३२. मग झाडाखालच्या सावलीतली काळी माती: एफ/४. चेहऱ्यापासून कापूस चार पायऱ्या वर आहे आणि माती दोन पायऱ्या खाली. हे अंतर निसर्गाने ठरवले आहे; ते सबंध माप शिडीवर कोठे टेकवायचे हे माझ्या हाती आहे.

माझ्या त्या पहिल्या दिवशी सरासरीने एफ/१६ सांगितले होते. त्या हिशेबाने चेहरा तिसरीवर गेला आणि त्यातले डोळे-गोंदण त्याच्याही खाली बुडाले, माती पहिलीवर, आणि कापूस मात्र सातवीवर सुखात बसला. एफ/११ ठेवले असते तर चेहरा चौथीवर येऊन डोळ्यांत ओल दिसली असती, कापूस आठवीवर तंतूसकट राहिला असता. हा एक प्रामाणिक तोडगा झाला. पण चेहरा हाच चित्राचा विषय आहे, आणि तो पाचवीवर, गोंदणासकट, सुरकुत्यांसकट हवा असे मी ठरवले तर एफ/८ ठेवावे लागेल; मग माती तिसरीवर येऊन तिचीही ढेकळे दिसतील, परंतु कापूस नववीवर जाऊन त्याचा नुसता पांढरा गोळा होईल. येथे मास्तरांच्या सूत्राचा उत्तरार्ध उपयोगी पडतो. ही फिल्म नेहमी दहा मिनिटे धूत असू तर या खेपेला आठ मिनिटेच धुवावी. सावलीला त्याने फारसा धक्का लागत नाही, लागतो तेवढ्यासाठी उजेड देतानाच किंचित हात सैल सोडावा. आणि वरच्या पायऱ्यांची घनता मात्र आटोक्यात येऊन कापूस पुन्हा आठवीवर उतरतो.

पुराणात सूर्याची पत्नी संज्ञा त्याचे तेज सहन न होऊन आपली छाया मागे ठेवून निघून जाते, आणि पुढे विश्वकर्मा सूर्याला चाकावर धरून त्याचे तेज घासून कमी करतो, तेव्हा संसार सुरळीत होतो. अंधाऱ्या खोलीत दोन मिनिटे आधी फिल्म बाहेर काढणारा मनुष्य तेच विश्वकर्म्याचे काम करीत असतो. छाया तशीच राहू द्यावी. घासायचे ते तेज.

५

हे सारे पुस्तकात जितके सोपे दिसते तितके आपल्या हवेत नव्हते, हेही नमूद करणे अवश्य आहे. डेव्हलपरची सर्व कोष्टके २० अंश सेल्सिअसची असतात. आपल्याकडे वैशाखात बाहेर पारा ४५ पर्यंत चढतो आणि टाकीतले पाणी हाताला कोमट लागते. अशा पाण्यात डेव्हलपर इतक्या वेगाने काम करतो की दोन मिनिटांच्या हिशेबाला अर्थच राहत नाही. त्याहून वाईट म्हणजे फिल्मवरचा जिलेटिनचा थर फुगतो, मऊ पडतो, आणि गरम पाण्यातून एकदम थंड पाण्यात गेला तर त्यावर सुरकुत्यांची जाळी उमटते. मास्तर उन्हाळ्यात पहाटे चारला उठून फिल्म धूत. रात्रभर रांजणात निवालेले पाणी घेत; बर्फ मिळाला तर तो डेव्हलपरमध्ये टाकून द्रावण पातळ करीत नसत, बाहेरच्या परातीत ठेवीत; डेव्हलपर, चित्र पक्के करणारा हायपो आणि धुण्याचे पाणी ही तिन्ही एकाच तापमानाला आणल्याखेरीज डब्याला हात लावीत नसत; आणि थर घट्ट राहावा म्हणून हायपोत तुरटीयुक्त हार्डनर घालीत. भिंतीवर तापमापक, शेजारी घड्याळ आणि दारावर जाड घोंगडी, एवढ्या सरंजामावर त्यांनी जे काम केले, ते पाहिल्यावर साधनांच्या अभावाची सबब सांगण्याचे धैर्य मला झाले नाही.

छटांच्या योजनेत आणखी एक बाब येते, ती रंगांची. कृष्णधवल फिल्म रंग टाकून देते, पण कोणता रंग कोणत्या पायरीवर टाकावा हे तिचे तिने ठरवलेले असते. दादासाहेब फाळक्यांनी १९१३ मध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांपुढे आणला त्या काळातली प्रचलित फिल्म लाल रंगाला जवळजवळ आंधळी होती. कपाळावरचे कुंकू तीत काळे उमटे आणि निळे आकाश कोऱ्या कागदासारखे पांढरे. सर्व रंग ओळखणारी पँक्रोमॅटिक फिल्म सर्रास वापरात आली ती त्यानंतर. तिच्यात कुंकू दिसू लागले खरे, पण नवा प्रश्न उभा राहिला: खळ्यावर वाळणारी लाल मिरची आणि तिच्याजवळचा हिरवा पाला तीत जवळपास एकाच करड्याचे होतात. अशा वेळी भिंगापुढे रंगीत काच धरावी लागते. काच आपल्या रंगाची वस्तू उजळवते आणि विरुद्ध रंगाची काळवंडते. तांबडी काच धरली तर मिरची उजळते, पाला दबतो, आणि आश्विनातल्या निळ्या आकाशाला मेघ गडगडावेत असा गडदपणा येतो. पिवळी काच हेच काम मर्यादेने करते, आणि मला स्वतःला मर्यादाच अधिक प्रिय आहे.

६

आता मी दुसऱ्या अर्थाकडे येतो. इंग्रजी पुस्तकांत माणसाच्या त्वचेची पायरी सहावी दिलेली असते. ती तेथल्या गोऱ्या त्वचेची आहे, आणि तेथल्यापुरती ती बरोबरही आहे. परंतु आम्ही ती जशीच्या तशी उचलली. आपल्या शेतकऱ्याचा, खाणीतल्या मजुराचा, कोलितमाऱ्याकडच्या गोंड बांधवाचा चेहरा उन्हात पाचवीवर किंवा चौथीवर असतो. त्याला सहावीवर चढवणे हे यंत्राच्या दृष्टीने एक-दोन स्टॉपचे काम. पण माणसाच्या दृष्टीने ते असत्य आहे. लग्नासाठी मुलीचे छायाचित्र काढताना ‘थोडी उजळ करून द्या’ ही मागणी गावोगावच्या स्टुडिओंत होत असे, आणि निगेटिव्हवर पेन्सिल फिरवून ती पुरवलीही जात असे. दोन दिशांनी आम्ही या माणसांवर अन्याय केला: बेफिकिरीने त्यांना तिसरीच्या काळोखात लोटले, किंवा लाजेपोटी सहावीवर चढवून त्यांची कांतीच पुसली. छायेची कांती जशी आहे तशी तिच्या पायरीवर उभी करणे, हे छायेचे देणे.

हे देणे ज्यांनी चुकते केले अशांपैकी एक आपल्याच विदर्भातले आहेत. अकोल्यात जन्मलेले सुधारक ओलवे यांनी मुंबई महानगरपालिकेच्या सफाई कामगारांचे जीवन कृष्णधवल छायाचित्रांत वर्षानुवर्षे नोंदवले. शहर ज्यांच्याकडे पाहत नाही अशी माणसे, आणि तीही गटाराच्या तोंडाशी, कचऱ्याच्या ढिगात, म्हणजे जेथे काळ्यावर काळे असते अशा ठिकाणी. तेथे सरासरीच्या भरवशावर राहिले असते तर हाती काय लागले असते हे आता आपणास सांगायला नको. २०१६ साली त्यांना पद्मश्री मिळाली. दुसरे उदाहरण अगदी निराळ्या प्रकृतीचे, खानदेशातल्या चाळीसगावचे. केकी मूस विलायतेत शिकून परतले आणि चाळीसगावच्या आपल्या घरात पुढची अनेक दशके जवळजवळ बाहेर न पडता राहिले. त्या घराला त्यांनी ‘रेम्ब्रांट्स रिट्रीट’ असे नाव दिले होते. टेबलावर लहानसहान वस्तू मांडून, दिव्याचा उजेड हवा तसा वळवून, त्यांतून विस्तीर्ण निसर्गाचा आभास निर्माण करणारी त्यांची टेबलटॉप छायाचित्रे प्रसिद्ध आहेत. एकाने बाहेरच्या न वळणाऱ्या उजेडातून माणूस सोडवून आणला, दुसऱ्याने खोलीतल्या उजेडाला वळवून विश्व मांडले. पण शटरपूर्वी चित्र मनात पूर्ण झालेले असणे, ही शिस्त दोघांची एकच.

मोठ्या माणसांचीही थकबाकी राहते. १ नोव्हेंबर १९४१ रोजी न्यू मेक्सिकोतल्या हर्नांडेझ या खेड्यावर चंद्र उगवलेला पाहून अ‍ॅडम्सने मोटार थांबवली. मावळतीचे ऊन दफनभूमीतल्या पांढऱ्या क्रुसांवरून सरकत होते, आणि मीटर काही केल्या सापडेना. चंद्राची तेजस्विता त्याला पाठ होती. तिला त्याने सातव्या पायरीवर बसवले आणि त्या आधारावर उजेड ठरवला. दुसरे चित्र घेण्यापूर्वी ऊन गेले. ते चित्र जगप्रसिद्ध झाले, परंतु आधार उजळ चंद्राचा धरल्यामुळे खालच्या जमिनीची बाजू निगेटिव्हवर पातळ राहिली, आणि सात वर्षांनी त्याने तेवढ्या भागाला रसायनाने पुष्टी दिली. पुष्टी देता आली, कारण थोडे का होईना, तेथे काहीतरी उमटले होते. माझ्या कपाशीच्या चित्रात पदराखाली तेवढेही नव्हते.

आजची तरुण मंडळी मला विचारतील की डिजिटल कॅमेऱ्यात या साऱ्याचे काय. तेथे सावकार बदलला आहे. डिजिटल फलकावर उजळ भाग एकदा भरून वाहिला की त्यात काहीच उरत नाही, म्हणून तेथे आधी पांढऱ्याला सांभाळावे लागते आणि सावली मागाहून वर उचलता येते. फार उचलली तर तिच्यात रवाळ गोंगाट शिरतो. तंत्र उलटे झाले, पण कोणाला पाहायचे, आणि कोणासाठी काय सोडायचे, हा प्रश्न तसाच राहिला. फोनमधला मीटर तर पूर्वीपेक्षाही हुशार सरासरी काढतो, आणि म्हणूनच त्याला आपला अखत्यार देऊन टाकण्याचा मोह अधिक आहे.

शेवटी मास्तरांच्या वहीविषयी सांगून मी आपली रजा घेतो. त्यांनी प्रत्येक चित्राची खतावणी ठेवली होती. तारीख, वेळ, उन्हाची तऱ्हा, सावलीचे माप, उजेडाचे माप, काच, धुण्याची मिनिटे, असे रकाने पटवाऱ्याच्या फर्दीसारखे आखलेले असत. हे सारे कोणीही चांगला छायाचित्रकार लिहितो. त्यांच्या वहीत मात्र सर्वांत उजवीकडे एक रकाना अधिक होता आणि त्याचे शीर्षक होते ‘काय सोडले’. एका चित्रापुढे ‘ढग’ लिहिलेले असे, दुसऱ्यापुढे ‘विहिरीचा तळ’, तिसऱ्यापुढे ‘भिंतीचा पोत’. कागदाच्या छोट्या घरात सर्वांना जागा मिळत नाही. ज्याला बाहेर ठेवले त्याची दप्तरी नोंद तरी व्हावी, आणि ती नोंद स्वतःच्या हाताने व्हावी, एवढाच त्यामागे त्यांचा हेतू होता. तरुणांनी या गावातून आणखी काही नेले नाही तरी हा एक रकाना न्यावा अशी माझी विनंती आहे.

त्या वहीत मास्तरांनी माझ्याही पहिल्या बारा चित्रांची नोंद केली होती. सर्व रकाने त्यांच्या वळणदार अक्षरात भरलेले होते. शेवटचा तेवढा त्यांनी कोरा ठेवला होता. त्यांच्या पश्चात ती वही माझ्या हाती आली, तेव्हा त्या कोऱ्या जागी मी एकच शब्द लिहिला: ‘चेहरा’.